पहिल्या वर्षाच्या वर्गातली भीती : नव्या प्राध्यापकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अभियांत्रिकीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला नव्याने शिकवायला लागलेले सहकारी स्टाफरूममध्ये चहा पिताना जे प्रश्न काढतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं देताना डोळ्यांसमोर महाराष्ट्रातलं साधं, जिल्ह्याच्या ठिकाणचं इंजिनिअरिंग कॉलेज आहे. बीएस्सी, बीकॉम किंवा पॉलिटेक्निकला शिकवणाऱ्यांनी आपापल्या वर्गाप्रमाणे फेरफार करून घ्यावेत.

“कुणाला काही शंका?” असं विचारलं की अख्खा वर्ग गप्प. सगळ्यांना कळलेलं असतं असं समजायचं का?

अजिबात नाही. त्या शांततेचा अर्थ बहुतेक वेळा “पहिला हात मी वर करणार नाही” एवढाच असतो. शंका विचारायची म्हणजे सत्तर जणांसमोर आपल्याला काय येत नाही ते जाहीर करायचं. त्यात मागच्या बाकावरून कुणीतरी खुसफुसलं की तो विद्यार्थी पुढचं सेमिस्टरभर तोंड उघडत नाही.

प्रश्न विचारायची पद्धत बदलून बघा. “शंका आहे का?” ऐवजी “या गणितात दुसरी पायरी कशी आली, हे शेजारच्याला एका मिनिटात समजावून सांगा” असं म्हणा. मिनिटभर वर्गात गलका होईल, तो होऊ द्या. मग एखाद्या बाकाला विचारा, “तुम्हा दोघांचं काय ठरलं?” उत्तर चुकलं तरी ते दोघांचं असतं, त्यामुळे टोचत नाही.

दुसरी गोष्ट, थांबायला शिका. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७०च्या दशकात शाळांमधल्या विज्ञानाच्या तासांचा अभ्यास केला. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, असं तिला आढळलं. तेच तीन सेकंद किंवा जास्त थांबल्यावर उत्तरं लांबली आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. फळ्यासमोर उभं राहून तीन सेकंद गप्प राहणं भलतंच अवघड जातं. मनातल्या मनात आकडे मोजा.

मुलं नेमकी कशाला घाबरतात? विषय अवघड असतो म्हणून?

विषय अवघड असतोच, पण फक्त त्याला कुणी घाबरत नाही. दहावीला नव्वदच्या वर, बारावीला बरे मार्क, गावात सत्कार, चौकात फ्लेक्स. आणि पहिल्या युनिट टेस्टला ३० पैकी ७. त्या मुलाच्या मनात त्या रात्री “एम-वन (गणिताचा पहिला पेपर) अवघड आहे” हा विचार नसतो. “आपण इथले नाही, चुकून आलो, आणि आता हे सगळ्यांना कळणार” हा असतो. घरी शैक्षणिक कर्ज काढलेलं असेल तर विचारूच नका.

ही भीती भीतीच्या रूपात तुमच्यासमोर येत नाही, म्हणून ओळखू येत नाही. ती येते गैरहजेरीच्या रूपात, किंवा दुसऱ्याच्या जर्नलवरून (प्रॅक्टिकलच्या वहीवरून) उतरवलेल्या रीडिंगच्या रूपात. “सर, तब्येत बरी नव्हती” हे वाक्यही तिचंच. सबमिशनच्या आदल्या दिवशीपर्यंत मुलगा फिरकत नाही, तेव्हा आपण त्याला आळशी ठरवून मोकळे होतो. काही जण आळशी असतातही. पण चेक करायला आणलं तर तुम्ही दोन प्रश्न विचाराल आणि उत्तर येणार नाही, या धास्तीने टाळणारे त्यांच्याहून कितीतरी जास्त.

मराठी माध्यमातून आलेले विद्यार्थी इंग्रजीमुळे खचतात. काय करावं?

झेडपीच्या शाळेतून, सेमी-इंग्लिशमधून आलेला विद्यार्थी इंग्रजी वाचू शकतो, लिहूही शकतो. त्याची अडचण होते बोलताना. आणि बोलायची वेळ येते ती ओरलला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर, एक्सटर्नलसमोर. म्हणजे सगळ्यात वाईट जागी.

एका ओरलमधला प्रसंग सांगतो. एक्सटर्नलनी विचारलं, “व्हॉट इज द फंक्शन ऑफ फ्लायव्हील?” मुलगा टेबलाच्या कडेकडे बघत उभा. कपाळावर घाम. “फ्लायव्हील इज... सर, इट इज...” आणि गप्प. पाच मार्कांपैकी एक लिहायला पेन टेकलं होतं. मी म्हटलं, “मराठीत सांग बरं.” तो पटकन म्हणाला, “सर, चार स्ट्रोकपैकी एकाच स्ट्रोकला ताकद मिळते. बाकीचे तीन त्या साठवलेल्या ताकदीवर निघतात. ती साठवून ठेवायचं काम फ्लायव्हील करतं, नाहीतर इंजिन झटके देईल.” एक्सटर्नल हसले आणि पेन उचललं. पाठांतर करून आलेल्या कित्येकांना इतकं नेमकं सांगता येत नाही.

पण तिथे थांबलो असतो तर अर्धंच काम झालं असतं. तेच उत्तर इंग्रजीत दोन वाक्यांत कसं सांगायचं, हे त्याला तिथेच सांगितलं आणि त्याच्याकडून म्हणून घेतलं: “इट स्टोअर्स एनर्जी ड्युरिंग द पॉवर स्ट्रोक. इट गिव्ह्ज इट बॅक ड्युरिंग द अदर थ्री.” एवढंच. व्याकरणाची झूल नको.

हे ओरलच्या दिवशी करण्यापेक्षा प्रॅक्टिकलला दर आठवड्याला करावं. आधी मराठीत समजावून सांगायचं, मग तेच दोन छोट्या इंग्रजी वाक्यांत. बॅचमध्ये वीस-बावीस मुलं असतात, प्रत्येकाला दोन मिनिटं मिळतात. सहा-सात प्रॅक्टिकलनंतर त्यांच्या तोंडात इंग्रजी वाक्य बसतं, कारण त्याच्याखाली अर्थ आधीच बसलेला असतो. एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाचं नियमन करणारी केंद्रीय संस्था) २०२१-२२पासून प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकी शिकवायला परवानगी दिली, त्यात मराठीही आहे. सगळीच मुलं तिकडे जाणार नाहीत, जायला हवीत असंही मला वाटत नाही. पण इंग्रजी माध्यमाच्या वर्गात मराठीचा आधार घेणं म्हणजे काहीतरी चोरून करणं, ही स्टाफरूममधली समजूत तरी आता जायला हरकत नाही.

वर्गात परराज्यातली मुलं असतील तर?

मग फळ्यावरचं सगळं इंग्रजीत आणि लेक्चरही इंग्रजीतच. मराठी किंवा हिंदी ठेवा प्रॅक्टिकलच्या टेबलापाशी आणि तासानंतर. मराठीत सांगितलेला विनोद न कळून कोपऱ्यात बसलेला मुलगासुद्धा घाबरलेलाच असतो.

गणिताची भीती सगळ्यात मोठी. रेमेडियल क्लास घेऊ का?

घ्या, पण त्याला रेमेडियल म्हणू नका. टाइमटेबलवर तो शब्द लागला की वर्गात येणं म्हणजे “मी ढ आहे” अशी पाटी गळ्यात घालणं. ज्यांना गरज आहे तेच येत नाहीत.

याबाबतीत युरी ट्राइसमन यांचं काम समजून घेण्यासारखं आहे. १९७०च्या दशकात बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात कृष्णवर्णीय विद्यार्थी कॅल्क्युलसमध्ये मोठ्या संख्येने नापास होत होते. तयारी कमी, घरचं पाठबळ नाही, कष्ट करत नाहीत, अशी कारणं प्राध्यापक देत. ट्राइसमन यांनी मुलांबरोबर राहून त्यांचा अभ्यास पाहिला. मुलं कष्ट करत होती, पण एकेकटी, खोलीचं दार लावून. चिनी वंशाची मुलं मात्र आपापला अभ्यास झाल्यावर एकत्र बसत, उत्तरं ताडून बघत, एकमेकांच्या चुका काढत. त्यामुळे एखादं गणित अडलं तर ते गणितच अवघड आहे की आपण कमी पडतोय, हे त्यांना कळे. एकट्या बसणाऱ्याला ते कधीच कळत नाही. तो दोष स्वतःकडे घेतो. ट्राइसमन यांनी गटात बसून गणितं सोडवायच्या कार्यशाळा सुरू केल्या, आणि त्यांत सोपी गणितं न देता मुद्दाम कठीण दिली. निकाल पालटला.

आपल्याकडे हे सगळ्यात जास्त लागू पडतं डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांना. त्यांनी एम-वन, एम-टू केलेलं नसतं आणि समोर एकदम एम-थ्री येतं: लाप्लास, फूरिए, सगळं एकदम. वर्कशॉपमध्ये, ड्रॉइंगमध्ये, मशीनवर हीच मुलं बाकीच्यांपेक्षा सरस असतात. चार-चारचे गट करा, प्रत्येक गटात एक डिप्लोमावाला आणि एक बारावीवाला तरी असू द्या. गणितात एक सांगेल, मशीन डिझाइनमध्ये दुसरा. मुलांना हा सौदा पटतो.

तपासलेले पेपर परत देताना काय काळजी घ्यावी?

मार्क मोठ्याने वाचू नका. चढत्या-उतरत्या क्रमाने गठ्ठा लावून वाटू नका. शेवटी नाव येणाऱ्याला काय वाटतं ते सांगायला नको. पेपर घडी घालून द्या.

खरी गोष्ट मात्र लाल पेनाची. ऑयलरच्या प्रमेयावरचं नेहमीचं गणित घ्या, यू बरोबर साइन इन्व्हर्स अमुकतमुक. निम्मा वर्ग यूलाच होमोजिनिअस समजून पुढे जातो आणि उत्तर चुकतं. तपासणारा आडवी रेघ मारतो, शून्य देतो, खाली “कन्सेप्ट नॉट क्लिअर” असं लिहितो. विद्यार्थी ते वाचून म्हणतो, आपल्याला गणितच येत नाही. त्याऐवजी “यू नाही, साइन यू होमोजिनिअस आहे. चूक इथे. पुढची रीत बरोबर” असं त्या ओळीशेजारी लिहिलं, तर त्याला कळतं की आपण एका जागी घसरलोय. लिहायला वीस सेकंद जास्त लागतात. सत्तर पेपर म्हणजे पंचवीस मिनिटं. प्रत्येक प्रश्नाला जमणार नाही. दर पेपरमध्ये एका ठिकाणी तरी करा.

आणि कडक तपासत असाल तर का, ते सांगून टाका. २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात शाळेतल्या मुलांचे निबंध शिक्षकांनी भरपूर शेरे मारून परत दिले. काही निबंधांवर एक चिठ्ठी होती: माझ्या अपेक्षा मोठ्या आहेत आणि तू त्या पुऱ्या करशील याची खात्री आहे, म्हणून हे शेरे लिहिलेत, अशा अर्थाची. ही चिठ्ठी मिळालेल्यांनी, त्यातही शिक्षकांवर फारसा विश्वास नसलेल्या मुलांनी, निबंध सुधारून परत देण्याचं प्रमाण बरंच जास्त होतं. नुसतं “छान प्रयत्न” लिहून हे होत नाही. मुलांना खोटं कौतुक लगेच ओळखू येतं.

पण थोडा धाक हवाच ना? नाहीतर अभ्यास कोण करेल?

हवाच. सबमिशनची तारीख म्हणजे तारीख. हजेरी पंचाहत्तर टक्के म्हणजे पंचाहत्तर. नियम आधी सांगितलेला असेल आणि सगळ्यांना सारखा असेल तर मुलं कडक सरांना घाबरत नाहीत. “सर खडूस आहेत, पण फेअर आहेत” ही मुलांच्या तोंडची मोठी पावती आहे.

मुलं घाबरतात ती लहरीपणाला. आज मूड चांगला, उद्या जर्नल भिरकावलं. एकाला सवलत, दुसऱ्याला “बापाला घेऊन ये”. डिफॉल्टर लिस्ट (हजेरी कमी असलेल्यांची यादी) लावायची तर लावा, पण वर्गात नाव पुकारून उभं करून भाषण देऊ नका. त्या भाषणाने हजेरी वाढलेली मी पाहिलेली नाही. वाढते ती कँटीनमधली गर्दी.

ओरलला आणि परीक्षेत “सगळं विसरलो” म्हणतात. खरंच होतं का असं?

होतं. डोकं “आता काय होणार” या विचारात अडकलं की आठवायला जागा उरत नाही. पण यात दुसराही भाग आहे. बरेच जण नोट्स चार वेळा वाचतात आणि वाचताना ओळखीचं वाटलं म्हणजे येतं असं समजतात. रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६मध्ये दाखवलं की पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे असतात, पण आठवड्यानंतर विचारलं तर पुस्तक मिटून आठवायचा सराव केलेले पुढे जातात.

म्हणून तासाची पहिली पाच मिनिटं: वह्या बंद, मागच्या तासातलं काय आठवतं ते कागदावर. मार्क नाहीत, नाव नाही. आणि खऱ्या ओरलआधी एक खोटी ओरल. दुसऱ्या बॅचच्या सरांना एक्सटर्नल म्हणून बसवा, टेबल तसंच मांडा, जर्नल हातात, “मे आय कम इन सर”पासून सगळं. “येत नाही” हे सभ्यपणे कसं म्हणायचं तेही शिकवा. “सॉरी सर, हे मला माहीत नाही, पण याच्याशी संबंधित अमुक सांगू शकतो” हे वाक्य पाठ केलेला मुलगा निम्मा सुटलेला असतो.

केटी लागलेल्या (विषय राहिलेल्या) किंवा वायडी झालेल्या (वर्ष वाया गेलेल्या) विद्यार्थ्याशी काय बोलावं?

“काय रे, कसं काय राहिलं?” हे सोडून काहीही. त्याने ते घरी, हॉस्टेलवर, भावकीत दहादा ऐकलंय. त्याला विचारा, उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवलीस का? स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका बघण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११मध्येच मान्य केला आहे. ती समोर घेऊन बसा आणि मार्क कुठे गेले ते बघा. बहुतेक वेळा दोन युनिट ऑप्शनला टाकलेली असतात, म्हणजे “मला जमत नाही” हे वाक्य “युनिट तीन आणि पाच राहिलंय” इतकं लहान होतं.

वायडीवाल्याची आणखी एक पंचाईत असते: मित्र पुढच्या वर्षात गेलेले आणि वर्गात सगळी ज्युनिअर मुलं. काही काळ तो कॉलेजलाच येत नाही. केटी काढून पुढे गेलेला एखादा सीनिअर त्याला गाठून द्या. तुमच्या दहा व्याख्यानांपेक्षा त्याच्या एका चहाचा उपयोग होतो.

याच कारणासाठी इंडक्शनला (नव्या मुलांच्या स्वागत-परिचयाला) टॉपर बोलवायची पद्धत मला खटकते. एआयसीटीईने सांगितलेला इंडक्शन कार्यक्रम तीन आठवड्यांचा. त्यात एक तास तरी अशा सीनिअर्सना द्या ज्यांचा पहिला सेमिस्टर वाईट गेला होता आणि मग गाडी रुळावर आली. वॉल्टन आणि कोहेन यांनी अमेरिकेत असाच प्रयोग केला. “सुरुवातीला परकं वाटतं, हळूहळू जातं” हे सीनिअर्सचे अनुभव पहिल्या वर्षाच्या मुलांना साधारण तासाभरात वाचायला दिले. २०११मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण पुढची तीन वर्षं सुधारत गेले.

पैशाच्या अडचणीबद्दल मुलं बोलत नाहीत. आपण विचारावं का?

वर्गात नाही. पण माहिती सगळ्यांना द्या, म्हणजे कुणाला वेगळं काढल्यासारखं होत नाही. महाडीबीटीवर (राज्य सरकारचं शिष्यवृत्तीचं पोर्टल) अर्ज कधी सुरू होतात, राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिष्यवृत्ती, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, कागद कोणते लागतात. २०२४-२५पासून आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. तरी हे माहीत नसलेल्या मुली अजून भेटतात. कर्मवीर भाऊराव पाटलांची “कमवा आणि शिका” योजना तुमच्या विद्यापीठात असेल तर तिथे काम करणाऱ्याला सकाळच्या तासाला उशीर का होतो, हेही आपल्याला माहीत हवं.

जातीवरून, कोट्यावरून होणारे शेरे हा भीतीचाच भाग मानायचा का?

हो, आणि यावर गुळमुळीत बोलण्यात अर्थ नाही. पहिल्याच तासाला “सीईटीला किती पर्सेंटाइल? कुठल्या कॅटेगरीतून?” असं विचारणारे प्राध्यापक आहेत. विचारणाऱ्याला ते सहज वाटतं. ऐकणारा त्या क्षणी ठरवतो की या माणसाला शंका विचारायची नाही. आडनाव विचारून गाव विचारणं, शिष्यवृत्तीच्या सहीसाठी मुलांना ऑफिसबाहेर रांगेत ताटकळत ठेवणं, प्रोजेक्टचे गट ठरताना काही मुलं कायम उरणं, हे डोळे उघडे ठेवले की दिसतं. गट तुम्ही पाडा, हजेरी क्रमांकाने किंवा चिठ्ठ्या टाकून. शेरा कानावर आला तर तिथल्या तिथे थांबवा. तुम्ही ऐकून न ऐकल्यासारखं केलं, हे सगळ्या वर्गाला कळतं.

मी सीएचबीवर (तासांप्रमाणे मानधनावर) आहे. दोन कॉलेजं, आठवड्याला पोतंभर तास. एवढं सगळं कसं जमणार?

नाही जमणार. दोनच करा: पहिल्या तीन आठवड्यांत नावं पाठ करा आणि दर तासाला दोन वेगळ्या मुलांशी एकेक वाक्य बोला. बाकीचं पुढच्या सेमिस्टरला.

समुपदेशन हे माझं काम आहे का?

नाही. नॅकसाठी (कॉलेजच्या मूल्यांकनासाठी) मेंटॉर-मेंटी फाइल भरणं वेगळं आणि समुपदेशन वेगळं. तुमचं काम लक्षात येण्याचं आणि योग्य ठिकाणी पोचवण्याचं. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थांनी किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५मध्ये दिले आहेत. तुमच्या कॉलेजात तो कुठल्या खोलीत, कुठल्या वेळी बसतो हे आधी स्वतः जाऊन बघा.

एखादा एकाएकी गप्प झाला, मेसला जाणं बंद झालं, वस्तू वाटून टाकायला लागला, “माझ्यामुळे सगळ्यांना त्रास” असं बोलला, तर उद्यावर ढकलू नका. जीव द्यायचे विचार मनात येतात का, हे सरळ विचारा. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाहीत. त्याला एकटं सोडू नका, समुपदेशकाला आणि हॉस्टेलच्या रेक्टरला कळवा. केंद्र सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ चोवीस तास, मोफत आणि मराठीतही चालते. हा क्रमांक जर्नलच्या पहिल्या पानावर छापून घ्या.

घरी फोन करावा का?

जिवाचा प्रश्न असेल तर लगेच. मार्कांचा असेल तर आधी विद्यार्थ्याला सांगून, शक्यतो त्याच्यासमोर. आणि पहिलं वाक्य तक्रारीचं नको. कॉलेजमधून फोन आला म्हणजे काहीतरी वाईटच, असं घरी गृहीत असतं.

खरं सांगायचं तर मलाच भीती वाटते. मुलांनी काही विचारलं आणि मला आलं नाही तर?

हे बहुतेकांना होतं, पण कुणी बोलत नाही. न येणारा प्रश्न दाबायला आपण मुलावर डाफरतो, “हे सिलॅबसमध्ये नाही, खाली बस”. त्या एका वाक्याने वर्गातले पुढचे सगळे प्रश्न बंद होतात. “मला आत्ता नक्की सांगता येणार नाही, उद्या बघून येतो” म्हणा आणि उद्या खरोखर बघून या. फळ्यावर गणित अडलं तर वर्गालाच विचारा कुठे चुकतंय. सर चुकले, त्यांनी खोडून पुन्हा मांडलं, आणि आभाळ कोसळलं नाही, हे मुलांनी पाहिलेलं बरं.

हे सगळं करूनही एखादा बोलतच नाही.

तो लिहून उत्तर देतो का ते बघा. प्रॅक्टिकल नीट करतो का, गटातल्यांशी बोलतो का, जर्नल वेळेत आणतो का. ही उत्तरं हो असतील तर तो स्वभावाने कमी बोलणारा आहे. त्याच्या मागे लागू नका.